दंडावरचा आकडा

पत्रकावर साडेसहाची वेळ छापली होती.
प्रमुख पाहुणे आले आठ वाजून दहाला, गॉगल लावून,
आणि तोवर गोराईच्या मैदानातली सावली
चिंचेच्या बुंध्याशी अंग चोरून बसली होती.

ग्रेटा नावाच्या मुलीने माझ्या दंडावर
जाड मार्करने लिहिलं : ११८.
"आंटी, हात सैल सोडा ना."
एकवीस वर्षं सहकारी बँकेच्या खिडकीतून
मी आकडे पुकारत आले.
अंगावर आकडा पहिल्यांदाच.

पाच किलोमीटर धावायचं, मग सायकल, मग पुन्हा अडीच धावायचं.
धावणं येतं मला. सायकल भाच्याची.
सीट खाली घेऊन घेऊन खिळा संपला,
तरी थांबताना चवड्यावर तोल.
सकाळी खाडी ओलांडताना बोटवाल्याने
माझ्यापेक्षा तिचेच पैसे जास्त घेतले.

पहिले पाच गेले. कसे, ते सांगता येत नाही.
एवढं आठवतं, की एक म्हातारे गृहस्थ
बनियनवर, फाटकात उभे राहून
बोगनवेलीला घालायचं पाणी
पाइपाने आमच्यावर उडवत होते,
आणि आतून बायको ओरडत होती, "बेनेडिक्ट, टाकी!"

मग मनोरीचा रस्ता. दोन फेऱ्या.
डांबर मऊ, चाकाखाली चिकट आवाज करणारं.
वारा होता, पण तोही तव्यावरून आलेला.
डोळ्यांत मीठ, ओठांवर मीठ,
दोन्ही बाजूंना बांबूंवर टांगलेले बोंबील,
आणि मधून मी, वाळत वाळत.

दुसऱ्या फेरीत चेन पडली.
मी उकिडवी बसून ओढते आहे, बोटं काळी, ती हलेना.
परातीतून उठून एक बाई आली.
"सोर गो, अशी नाय येवाची."
एका हाताने पॅडल उलटं फिरवलं,
दुसऱ्याने दाते गाठले. खट्.
"नंबर येल काय तुझा?"
"नाही हो."
"मंग पलतंस कनाला?"

सात जण पुढे निघून गेले तेवढ्यात. मोजले मी.
उत्तर शोधत बसले असते तर आणखी गेले असते.
मुठीला तिच्या हाताचा वास लागला होता,
तो धक्क्यापर्यंत आणि परत
माझ्यापुढे एक वीत चालत राहिला.

सायकलवरून उतरल्यावर पाय माझे नव्हते.
कुणाकडून उसने आणलेले,
आणि धनी आत्ताच, भर रस्त्यात, परत मागायला आलेला.
गुडघ्यांना सांगावं लागलं : तू. आता तू.
समोर ब्याण्णव नंबरचा माणूस,
पाठीवर घामाचा नकाशा.
त्याचं माझं काही वैर नाही.
तरी चर्चच्या वळणावर मला वाटलं,
जगात दुसरं काही नको, हा मागे पडायला हवा.
आणि पडला. त्याने हात कमरेवर ठेवले,
मी वळून पाहिलं नाही. आता वाटतं, पाहायला हवं होतं.

कमानीची एक बाजू उतरवली होती.
मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते.
माईकवरचा मुलगा कंटाळून म्हणाला,
"आणि या आल्या एकशे अकरा!"
गळ्यात पदकाची फीत, पोटात ढवळणं,
पण मी मंचाच्या पायऱ्या चढून गेले.
"अठरा," म्हटलं. "एकशे अठरा. नीट वाचा."
त्याने पुन्हा पुकारलं.
ऐकायला कुणी नव्हतं. बर्फाच्या पेटीवर एक कावळा.

शाई खोबरेल तेलाने निघाली, दोन दिवसांत.
आकडा नाही निघाला.
भोवतालचं सगळं रापलं होतं,
आणि शाईखालची कातडी तेवढी गोरी,
११८, बालवाडीतल्या अक्षरात.

सोमवारी काचेतून पेन्शनवाले गव्हाणकर
बराच वेळ माझ्या दंडाकडे पाहत राहिले.
"मॅडम, भाजलं का काही?"
"हो," म्हटलं,
आणि पुढचं टोकन पुकारलं,
जरा मोठ्याने.